न लागलेले दिवे

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही माझी नाही. डोळ्यांच्या दवाखान्यानं ती भिंगरीला दिली, थेंबांची नोंद ठेवायला. भिंगरीनं दवाखान्याच्या पायरीवरच ती माझ्या हातात कोंबली. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणाली. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिनं माझं केलेलं हे तिसरं कौतुक. आधीची दोन्हीही काहीतरी गळ्यात मारायच्या आधीचीच होती. वहीत दोनशे पानं आहेत, थेंबांच्या तक्त्याला मागची वीस पुरतील. उरलेली कोरी सोडून देणं माझ्या स्वभावात नाही.

तर, भिंगरीला काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, इतक्या की मी त्यांनाच "डॉक्टर कधी येणार?" असं विचारून बसले. त्यांनी शांतपणे समजावलं. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस वाळत जाते, नजर कडेकडेनं कमी होते आणि गेलेली परत येत नाही. आहे ती टिकवायची. सकाळी एक थेंब, रात्री एक, जन्मभर. चार महिन्यांनी नजरेचा घेर पुन्हा मोजायचा. त्यात घसरण दिसली तर ऑपरेशन करायचं आणि गाडी शिकवणं बंद.

हे शेवटचं दोघींच्याही वर्मी लागलं. आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. म्हणजे गाडी भिंगरी शिकवते आणि मी ऑफिसात बसून अर्ज भरते, रस्त्यावरच्या खुणा शिकवते आणि लोकांना लायसन्सच्या परीक्षेत पास करते. बावीस वर्षं झाली. मला स्वतःला गाडी येत नाही. लोकांना याचं फार नवल वाटतं. लग्नं जुळवणारी माणसं काय दर महिन्याला स्वतः लग्न करतात?

पायरीवर तिनं मला शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. शिकणाऱ्यांना नाही आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, तर मुळीच नाही. "उद्यापासून हात धरून मला न्हाणीघरात नेतील ते," म्हणाली. मी शपथ घेतली. मग तिनं मला गाडीतून घरी सोडलं, नेहमीसारखं. फाटकाच्या खांबाला डावा आरसा घासला. खांब जरा पुढेच आहे म्हणा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

थेंबांची बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते. फ्रीज घरात, घरात भाऊजी. मी डोकं लढवलं. बेकिंग पावडरचा रिकामा डबा. त्या घरात दहा वर्षांत केक झालेला नाही, पुढेही होण्याची भीती नाही, तेव्हा त्या डब्याला कोण हात लावतंय?

आज तिला थेंब घालताना पाहिलं. पहिला भुवईवर, दुसरा नाकावर, तिसरा गालावर. काचबिंदू गालाला झाला असता तर एव्हाना बरा झाला असता. शेवटी मीच घातला. "तू मारकुटी नर्स आहेस," म्हणाली. आता रोज सकाळी सात आणि रात्री नऊ, मी फोन करणार. ती "घातला" म्हणणार आणि मी तक्त्यात खूण करणार. पद्धत असली की आजार घाबरतो.

आईला सांगितलं नाही, तरी तिनं माझ्या बोलण्यावरून ताडलंच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती स्वतःला नेत्रतज्ज्ञ समजते. "पिकू दे, पिकला की काढतात, मग बघ कसं बारीकसारीक सगळं दिसतं," म्हणाली. काचबिंदू वेगळा असतो म्हटल्यावर म्हणाली, "नाव बदललं म्हणून डोळा बदलतो का?" शपथ मोडली असं मी धरत नाही. आई ऐकत कुठे असते?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरीनं शिकवायची नवी रीत काढली आहे. शिकणाऱ्यानं गाडी चालवताना डावीकडे जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. "सायकल." "दोन बायका, पिशव्यांसह." "कुत्रा, झोपलेला." आज बँकवाले काका तिच्याबरोबर होते. हे बँकेतून निवृत्त झालेले, परीक्षेत दोनदा आपटलेले, तिसऱ्यांदा बसायच्या तयारीत आहेत. उतरल्यावर मला म्हणाले, "बाई, मॅडमनी आज माझ्याकडून रस्त्याचं धावतं वर्णनच करून घेतलं. घसा बसला!"

मी म्हटलं, याला म्हणतात सावधपणा शिकवणं. आमची बाई बावीस वर्षांनंतरही नवं शोधते. आजारी माणूस असा असतो का? दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ तिनं घडाघडा वाचली होती. मला वरून तिसरीपर्यंत जेमतेम जमलं. कधी कधी वाटतं, आमच्या फायलींची अदलाबदल झाली असावी.

९ मार्च, रविवार

भिंगरीकडे गेले होते. भाऊजींना घर आवरायचं खूळ लागलंय. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ फार. दिवाणखान्यातलं बुटकं टेबल हलवलं, पायपुसणी उचलली, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा रंग मारला. आधी जिना बरा दिसायचा, आता रेल्वेचा फलाट वाटतो. मी हसून विचारलं, "भाऊजी, हे काय?" तर म्हणाले, "माझंच वय झालं, पाय चुकतो." आणि कपाटाची दारं लावत फिरत राहिले. एकही दार उघडं राहू देत नाहीत. पुरुषांना निवृत्ती मानवत नाही हेच खरं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मी चहाचा कप तिच्यापुढे धरला, अगदी शेजारी बसून, आणि मॅडमनी ढुंकून पाहिलं नाही. चांगली मिनिटभर कप धरून बसले होते. मग भाऊजींनी माझ्या हातातून कप घेतला, तिच्या समोर जाऊन उभे राहिले आणि दिला, तेव्हा "अरे वा, चहा!" नवऱ्याच्या हातचा गोड लागतो म्हणायचा. चाळीस वर्षांत हा मान मला कधी मिळाला नाही, आता काय मिळणार.

बाटली पाहिली. महिना झाला तरी निम्म्याच्या वर भरलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या महिनाभर पुरते. कंपनी प्रामाणिक दिसते, सढळ हातानं भरते.

२ एप्रिल, बुधवार

बँकवाले काका पास! परीक्षक म्हणे त्यांच्या बडबडीला इतका कंटाळला की अर्ध्यातच "पुरे, घ्या लायसन्स" म्हणाला. गेल्या महिनाभरात सात जण बसले, सातही पास. मी नवी पाटी रंगवून घेतली आणि दारावर लावली: 'बोलून शिका! आमची खास पद्धत.' भिंगरीला दाखवली. ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काढून टाक ना ती." मी म्हटलं, विनय पुरे. पाटी लावलेली आहे.

काका पास झाले तरी येतातच. घरी बायको बोलू देत नाही, इथे बोलायचेच धडे मिळतात, असं त्यांचं म्हणणं.

२० मे, मंगळवार

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला नजरेच्या घेराची तपासणी. परीक्षा म्हटलं की माझ्या अंगात येतं. आजवर माझा एकही विद्यार्थी तयारीशिवाय बसलेला नाही.

फेब्रुवारीत मी त्या अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, तिचा हट्ट म्हणून. पालथ्या घमेल्यासारखं यंत्र. त्यात तोंड घालायचं, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. इकडेतिकडे बारीक दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. भिंगरीनं तेव्हा फार कमी वेळा दाबलं आणि म्हणून निकाल तसा आला. पण मी, डोळ्यांना काही दिसत नसलं तरी, कान उघडे ठेवून बसले होते. प्रत्येक दिव्याच्या आधी यंत्र आतून 'टक' असं करतं. एवढी मोठी कंपनी, एवढं महागडं यंत्र, आणि पेपर असा फुटलेला! रोज पन्नास डोळे मोजणाऱ्या त्या मुलीच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

आजपासून तयारी सुरू केली. वर्ग संपला की भिंगरीनं भिंतीकडे तोंड करून बसायचं, समोर 'थांबा'ची खूण. मी मागे उभी राहून बॉलपेनचं टोक वाजवणार. टक झालं की तिनं टेबलावर बोट दाबायचं. पहिल्या दिवशी शंभरात ब्याण्णव. हुशार आहे, शाळेपासूनच.

मध्येच थांबून म्हणाली, "हे खोटं नाही का गं?"

"खोटं कसलं? आपण लोकांना काय शिकवतो? आरशात बघितलं नाही तरी चालेल, मान हलली पाहिजे. परीक्षकाला मान दिसते."

"आणि मी पास झाले, तर?"

"तर आपलं सगळं आहे तसं राहील. तू शिकवशील, मी अर्ज भरीन, संध्याकाळी तू मला घरी सोडशील."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, वाजव." पटलं तिला.

५ जून, गुरुवार

पास! फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन!

आमच्या डॉक्टरीणबाई रजेवर. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर भलतेच घाईत, अर्धं लक्ष फोनवर. कागद बघून म्हणाले, "अरे, मागच्यापेक्षा बरंच चांगलं आहे. दाब थोडा जास्त वाटतोय, पण हेच थेंब चालू ठेवा. चार महिन्यांनी या." कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही टक्केवारी छापलेली होती. ती त्यांनी वाचली नाही, मीही नाही. कागद म्हटला की आकडे असायचेच.

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात तिला मिठी मारली. तिचं अंग ताठ होतं.

"तू खूश ना?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? खूश तू व्हायचं!"

"झाले," म्हणाली. "चल, गाडीत बस."

येताना तिनं मलाच डावीकडचं सगळं बोलायला लावलं. म्हटलं, मी कुठे परीक्षेला बसणार आहे? तर म्हणाली, "सवय म्हणून गं." सवयी वाईट.

२८ जून, शनिवार

तक्ता तपासला. एकशे बेचाळीस दिवस, एकही खूण चुकलेली नाही. असा तक्ता दवाखान्यानं चौकट करून लावायला हवा. बाटली अजून चालूच आहे. अक्षय आहे.

११ जुलै, शुक्रवार

डाव्या हातानं लिहितेय. उजवं मनगट मोडलं. अक्षर चांगलं असल्याचा प्रश्न मिटला.

ऑफिसच्या पायरीवरून घसरले. सगळ्यांना हेच सांगितलंय.

१३ जुलै, रविवार

हात ठणकतो, पण लिहून टाकते. निदान वहीशी तरी खरं.

परवा साडेअकराला मी आवारात उभी होते, फाटकाच्या आत, डाव्या बाजूला. अंगात तो भडक पिवळा कुर्ता, जो घातला की आई डोळ्यांवर हात धरते. भिंगरी एकटीच गाडी घेऊन आत वळली. एका अर्जावर तिची सही हवी होती, म्हणून मी हात हलवत पुढे झाले. तिनं वेग कमी केला, मला वाटलं माझ्यासाठी. तिचा चेहरा समोर होता, शांत. मग गाडीचा कोपरा लागला आणि मी फरशीवर.

यात तिची चूक नाही. मीच पुढे गेले. लोक मला बघून थांबतात, म्हणून मला सवय झाली आहे, वाटेल तशी पुढे जायची.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. गाडी थांबली नाही. ती दोन हात पुढे गेली, नेहमीच्या जागी व्यवस्थित लागली. इंजिन बंद झालं. भिंगरीनं पर्स घेतली, उतरली, दार लावलं, कुलूप लागलं का ते ओढून पाहिलं. मी इकडे पडून तिला नावानं हाका मारत होते, टोपणनावानं नाही, शाळेतल्या हजेरीतल्या नावानं. तेव्हा कुठे ती वळली. आधी आवाजाकडे, मग इकडेतिकडे, मग खाली.

दवाखान्यात मीच आधी बोलले, "पायरीवरून घसरले." भिंगरी शेजारी उभी होती. रात्री नऊला मी फोन केला, थेंबासाठी. तिनं उचलला नाही. तक्त्यात पहिली रिकामी चौकट.

१४ जुलै, सोमवार

सकाळी ती ऑफिसात आली. चालत. घरापासून पाऊण तास.

"ये बाहेर," म्हणाली. "तू कुठे उभी होतीस, दाखव."

"जाऊ दे ना."

"दाखव म्हटलं ना!"

बाहेर गेलो. गाडी तिथेच उभी होती, शुक्रवारपासून. तिनं मला फाटकापाशी उभं केलं. स्वतः गाडीत बसली, इंजिन बंद, दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या भिंतीवर. "हळूहळू चालत ये," म्हणाली. "मी भिंतीकडेच बघणार. दिसलीस की सांगेन. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही, टक नाही की टुक नाही."

मी निघाले. एक हात गळ्यात अडकवलेला, चपला काढून दुसऱ्या हातात घेतलेल्या, आवाज नको म्हणून. डाव्या बाजूनं मागच्या चाकाशी आले, ती गप्प. दाराशी आले. आरशाशी आले. हात लांबवला असता तर काचेला लागला असता, इतकी जवळ. ती भिंतीकडे बघत होती. मी पुढे सरकत राहिले. पुढच्या चाकाशी आले, बॉनेटला वळसा घातला. बॉनेटच्या जवळपास मध्यावर आले, तेव्हा ती म्हणाली, "आता."

बँकवाले काका फाटकात उभे राहून सगळं बघत होते. "मॅडम, हा नवीन धडा का?" त्यांनी विचारलं.

"हो काका," भिंगरी म्हणाली. "शेवटचा."

तिनं किल्ली काढली, ऑफिसात जाऊन खिळ्याला अडकवली आणि दारावरची माझी पाटी उतरवली. मग टेबलावरच्या फोनवरून डॉक्टरीणबाईंची वेळ मागितली. मी म्हटलं, मी येते. "ये," म्हणाली, "पण खोलीत नाही. बाहेर बसायचं."

एवढ्या दिवसांत मला कळलं नव्हतं असं लिहिलं तर ती या वहीतली सगळ्यात मोठी थाप होईल. चहाचा कप. काकांचं धावतं वर्णन. जूनमध्ये मला लावलेली बडबड. कळत होतं, आणि मी पाटी रंगवून घेतली.

२२ जुलै, मंगळवार

तपासणी झाली. मी बाहेर बाकावर, शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

नंतर डॉक्टरीणबाईंनी दोघींना आत बोलावलं. टेबलावर तीन कागद: फेब्रुवारी, जून, आज. जूनच्या कागदाच्या कोपऱ्यातल्या बारीक टक्केवारीवर त्यांनी पेनानं गोल केला.

"यंत्र मधूनमधून मुद्दाम नुसता आवाज करतं," त्या म्हणाल्या. "दिवा लावतच नाही. माणूस आवाजावर दाबतोय का हे बघायला. तुम्ही जवळजवळ दर वेळी दाबलंत. न लागलेले दिवेसुद्धा तुम्हाला दिसले. मी असते तर हा कागद फाडून तपासणी पुन्हा केली असती. पण मी नव्हते, हे आमचं चुकलंच."

म्हणजे पेपर फुटलेला नव्हता. पेपर काढणाऱ्याला माझ्यासारख्यांची पूर्ण कल्पना होती.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या संस्थेच्या मुख्य शिक्षिकेनं," भिंगरी म्हणाली. "निकाल शंभर टक्के असतो त्यांचा."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, आजचा खरा कागद जूनमध्ये हातात असता तर तेव्हाच ऑपरेशन ठरवलं असतं. आता थांबायचं नाही, दोन आठवड्यांत आधी डावा डोळा. ऑपरेशननं गेलेलं परत येणार नाही, दाब उतरेल, उरलेलं टिकेल अशी आशा. गाडी आजपासून बंद, शिकवायलाही आणि चालवायलाही.

"या दीड महिन्यात किती गेलं?" मी विचारलं.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी माफी मागायला लागले. रडत, नाक पुसत, डाव्या हातानं, सगळी शोभा. भिंगरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू शिकवलंस. बटण मी दाबलं."

"पण तुला खरंच वाटत होतं का, की दिसतंय?"

"एकदाही नाही. प्रत्येक 'टक'ला कळत होतं की समोर काळोख आहे." तिनं रुमाल माझ्या हातात दिला. "पेन वाजवताना तुझा चेहरा बघितला होतास का? ब्याण्णव आले तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. फेब्रुवारीपासून तू इतकी घाबरलेली होतीस गं. सकाळी सातला फोन, रात्री नऊला फोन. मला वाटलं, हिच्यासाठी तरी पास व्हावं."

सहा महिने मी तिची काळजी घेत होते, अशी माझी समजूत होती.

२३ जुलै, बुधवार

तिनं काल भाऊजींना सांगितलं. आज ते ऑफिसात आले, माझ्यासमोर बसले. मला वाटलं आता खरडपट्टी काढतात.

"मला जानेवारीपासून माहीत आहे," म्हणाले. "रस्ता ओलांडताना ती डावीकडची माणसं चुकवत नव्हती, माणसंच तिला चुकवत होती. मग फ्रीजमध्ये तुमचा डबा सापडला. मला कधीतरी केक करून बघायचा होता."

"तुम्ही केक?"

"नाही जमला. पण डबा उघडला ना." त्यांनी चष्मा पुसला. "बाटली दर महिन्याला मीच बदलत होतो. ती घालत नव्हती की घालत होती, ते विचारायचं धाडस नव्हतं. म्हटलं, निदान घालायची इच्छा झाली तर बाटली संपलेली नसावी."

म्हणजे एकाच आजाराचं गुपित आम्ही तिघं सांभाळत होतो, एकमेकांपासून, जीव तोडून. एवढ्या कष्टात तिला वेळेवर दवाखान्यात नेता आलं असतं.

तक्ता काढून त्यांना दाखवला. एकशे पंचावन्न दिवसांच्या खुणा. ते बघून हळूच म्हणाले, "यातल्या निम्म्या वेळा ती माझ्यासमोर फोन उचलून 'घातला' म्हणाली आणि पुन्हा पांघरूण ओढून झोपली." मी वही मिटली.

६ ऑगस्ट, बुधवार

दवाखान्यात लिहितेय. ऑपरेशन चालू आहे. भाऊजी खिडकीशी उभे आहेत, बाहेरचा पार्किंगचा फलक तिसऱ्यांदा वाचतायत.

सकाळी तिला आत न्यायच्या आधी अर्धा तास आम्हा दोघींना एका लहान खोलीत बसवलं होतं. हिरवा झगा, डोक्याला टोपी, डाव्या भुवईवर पेनानं केलेली खूण, भलताच डोळा कापू नये म्हणून. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, डावीकडे, आणि बोलत सुटले. नव्या शिक्षिकेची मुलाखत कशी झाली, काकांनी तिलाच कसे प्रश्न विचारले, आईनं निरोप दिलाय की पिकला असेल तर घाबरू नकोस. दहा मिनिटं बोलले असेन. ती समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत हो हो करत होती.

मग म्हणाली, "एक सांगू? बाजूला बसलीस की मला नुसता आवाज येतो. कुठूनतरी. तू नसतेसच तिथे. समोर बस ना."

वर्गात, गाडीत, सिनेमाला, चाळीस वर्षं मी तिच्या शेजारीच बसत आले. खुर्ची जड होती आणि माझा हात एकच. ओढत, खरवडत, मोठा आवाज करत ती फिरवली. नर्सनं डोकावून पाहिलं. मी तिच्या समोर बसले, इतकी जवळ की गुडघे गुडघ्यांना लागले. तिनं माझा चेहरा नीट बघून घेतला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता.

आणि मला सुचलं की फेब्रुवारीपासून मी तिला रोज दोनदा एकच प्रश्न विचारत आलेय, थेंबाचा. दुसरा कुठला विचारलाच नाही.

"भीती वाटते का गं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खूप."

मी नेहमीसारखं काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ती अजून सांगत होती, म्हणून मी गप्प बसले आणि नर्स न्यायला येईपर्यंत ऐकत राहिले.